साडेनऊ बोटं

रुस्तावीच्या मैदानात अमेरिकेहून येतात ठोकलेल्या गाड्या,
जहाजाने पोतीपर्यंत, मग ट्रेलरवर
एकीच्या पाठीवर एक.
कुणाचं तोंड फुटलेलं, कुणाची कूस दबलेली.
एकीच्या मागच्या सीटखाली सापडला होता
लहान मुलाचा एक पिवळा मोजा.
नुगझारने तो खिळ्याला टांगून ठेवलाय.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.

मी आले चष्मा घेऊन.
डोळ्यांवर चढवला की इंजिनावर हिरव्या रेघा उमटतात,
ज्याची पाळी तो बोल्ट पिवळा होतो,
बाण सांगतो: इकडून, उलटा, अडीच फेरे.
कागदावर सोपं होतं,
शिकणाऱ्याला बोट धरून न्यायचं.

पहिल्याच दिवशी चष्मा अडला.
"हिला तीन आया आहेत," नुगझार म्हणाला,
"नाक टेक्सासचं, काळीज न्यू जर्सीचं,
आणि डावं दार, माफ कर, माझ्या मेहुण्याचं."
माझ्या रेघा हवेत तरंगत राहिल्या
घर बदललेल्या माणसाच्या पत्रांसारख्या.

ते निस्तरलं. चार आठवडे गेले.
मग त्याच्या हातांची नोंद घ्यायची होती.
त्याने डावा धरला. हिरवा दिवा.
उजवा धरला.
पडदा म्हणाला: हात दिसत नाही.
पुन्हा धरला.
हात दिसत नाही.

उजव्या तर्जनीचं शेवटचं पेर नाही त्याला.
"त्र्याण्णवचा हिवाळा. वीज नव्हती.
मेणबत्ती, आणि पंख्याचा पट्टा."
एवढंच बोलला,
आणि पुसलेलाच हात पुन्हा पुसला.

रात्रभर बसून मी यंत्राची समजूत घातली.
यंत्र हुशार,
जे नव्हतं ते त्याने अंदाजाने भरून टाकलं.
सकाळी चष्म्यात त्याचा हात तरंगला,
निळा, काचेसारखा, पाचही बोटं टोकापर्यंत.
नुगझार बराच वेळ बघत राहिला.
मग खरा हात त्याने त्या हातात घातला,
मोज्यात घालावा तसा.
"नखसुद्धा दिलंय," म्हणाला.
चष्मा काढला, दांड्या मिटल्या, माझ्यापुढे धरला:
"तमता, या हाताने मी कधी काम केलेलं नाही.
याला तो बोल्ट सुटणार नाही."

खरंच होतं.
तो बोल्ट पार मागे, आंधळ्या जागी,
तिथे नजर पोचत नाही, पाना जेमतेम.
तो मधल्या बोटाने चाचपतो
अर्ध्या तर्जनीचा टेकू देऊन,
आणि लोखंड हो म्हणेपर्यंत थांबतो.
थांबण्यासाठी माझ्याकडे चिन्ह नव्हतं.
बाण स्थिर राहिला
तर लोकांना वाटतं, यंत्र बंद पडलं.

मी ते पेर पुसलं.
एवढीशी गोष्ट पुसायला
इतका वेळ कधी लागला नव्हता.

वाझा, वय सोळा,
पोलाद कारखान्यामागच्या वस्तीतला,
नोव्हेंबरभर तो चष्म्यातून शिकला.
आज चष्मा न लावताच इंजिनात वाकला होता,
आणि मी पाहिलं: तर्जनी दुमडलेली,
टोक तळव्यात लपवलेलं,
मधलं बोट पुढे, चाचपत.
दहाही बोटं शाबूत असलेलं पोरगं.

नुगझारनेही पाहिलं.
आधी काही बोलला नाही. मग ओरडला,
"अरे गाढवा, तुला बोट आहे!"
वाझा दचकला, त्याने हात वर काढून बोट बघितलं
कुणी सांभाळायला दिल्यासारखं.
तेवढ्यात सुटत आलेला बोल्ट निसटला,
दोनदा वाजला, आणि खाली कुठेतरी गप्प झाला.

दोघेही गुडघ्यांवर, तेलात.
मी वहीत लिहायला घेतलं:
तर्जनी, पुढच्या आवृत्तीत...
पुढे सुचेना.
"बघत काय बसलीस," गाडीखालून नुगझार म्हणाला,
"उजेड धर."

धरला.